भरतीच्या बाटल्या

भूगोलाच्या पेपरात भरती-ओहोटीच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणीही विचारेल, बाई, तू शिकली होतीस की नव्हतीस? शिकले होते. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत काढून, बाण दाखवून, निळ्या पेन्सिलीने पाणी रंगवलं होतं. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेला येते, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. फक्त ते पाणी बोईसरजवळच्या खाडीत पण येतं, हे डोक्यात शिरलं नव्हतं.

आम्ही सालवडला राहतो, पण मूळचे खानदेशातले. पप्पा तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर. समुद्र घरापासून रिक्षाने जाण्याइतका जवळ, पण आमच्या लेखी तो रविवारी भेळ खायची जागा. पाणी कधी पुढे असायचं, कधी मागे. का, ते कुणी विचारलं नाही. आई तर म्हणायची, आज समुद्र कमी आहे.

पदवीनंतर पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. घेतलं आणि शेवटच्या वर्षी प्रकल्पाला खाडीचं पाणी निवडलं. आमच्या सरांची एक ठरलेली शिकवण होती: तीच जागा, तीच वेळ, दर पंधरा दिवसांनी. शिस्त मोडली की आकड्यांना अर्थ राहत नाही, असं ते दर तासाला बजावायचे. मी मेली आज्ञाधारक. पालघरहून सकाळचं लेक्चर आटपून निघायचं, बोईसरला उतरून शेअर रिक्षा पकडायची आणि खाडीच्या धक्क्यावर साडेबारापर्यंत पोचायचं. पहिल्या दिवशी पौर्णिमा होती, हा योगायोग. मग पंधरा दिवसांनी काय असणार? पण मी कॅलेंडरात फक्त तारखेवर गोल करत होते. खालची तिथी उपासवाल्या बायकांसाठी असते, अशी माझी समजूत.

धक्क्याला लागूनच एका मावशींचं घर होतं. खाडीच्या खडकांवरची कालवं कोयतीने फोडून काढायची आणि बोईसरच्या बाजारात नेऊन विकायची, हा त्यांचा धंदा. मी जाईन तेव्हा त्या ओट्यावर बसलेल्या असायच्या, पाय पसरून, निवांत. मला पाणी द्यायच्या, बाटली सोडायची दोरी धरायच्या. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि मग भरायची, हे बघून हसायच्या. "पान्यालाच पान्यानं धुतीस गो," म्हणायच्या. मला वाटायचं, किती सुखी बाई आहे, भर दुपारी कधी कामात नाही. ह्यांना कामं नसतात का, हा प्रश्न एकदा तरी मनात यायला हवा होता. आला नाही.

मावशींची सून पाचव्या महिन्यात होती. सडपातळ, माझ्याच वयाची, माझ्या बर्फाच्या डब्यात डोकावून बघणारी. तिला डोहाळे लागले होते कालवांचे, आणि मावशी देत नव्हत्या. वस्तीत बोलणं चालायचं की खाडीत कारखान्यांचं पाणी उतरतं, पोटुशीने खाऊ नये. विकायला मात्र चालत होती. त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही, घर त्याच्यावर चाललं होतं.

तिसऱ्या खेपेला मावशींनी मला समोर बसवलं. "तू तपासतीस ना पानी? मंग तूच सांग. देऊ का हिला?"

सून दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. तोपर्यंत दोन वेळच्या बाटल्यांचे निकाल आले होते आणि सगळं मर्यादेत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला असं विचारत होतं, की मी सांगेन ते करणार. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. "द्या की मावशी," मी म्हटलं. "पाणी चांगलं आहे."

मी पाणी तपासलं होतं, कालवं नव्हती. तेवढा फरकही मला त्या क्षणी सुचला नाही. सुनेने लगेच आत जाऊन कोकम भिजत घातलं.

त्यानंतर दीड महिना गेला. त्या दिवशी अमावास्या होती. बाटल्या भरून मी बोईसर स्टेशनला पोचले आणि लक्षात आलं, नोंदवही ओट्यावर राहिली. तिच्यात सगळ्या खेपांचे आकडे. स्टेशनवर भेटलेल्या वर्गमैत्रिणीच्या हाती बाटल्या पालघरला धाडल्या, बाजारात आईने सांगितलेली कामं उरकता उरकता संध्याकाळ झाली, मग परत फिरले. धक्क्यावर उतरले तेव्हा सहा वाजून गेले होते, ऊन कलतं होतं.

खाडी नव्हती.

म्हणजे होती, पण पाणी नव्हतं. दुपारी जिथे माझी दोरी हातभर भिजताच बाटली बुडत होती, तिथे नुसता काळा चिखल होता आणि उघडे पडलेले खडक. मधून एक धार वाहत होती, मांडीएवढी रुंद. तिचा रंग गुळाच्या पाकासारखा. तिला वास होता, पप्पा पाळी करून येतात तेव्हा त्यांच्या डब्याच्या पिशवीला येतो तसा. आणि त्या धारेला लागून असलेल्या खडकावर, लुगडं खोचून, वाकून, मावशी कोयतीने कालवं फोडत होत्या.

मी धक्क्यावरच बसले. पौर्णिमा-अमावास्येला इथे भर दुपारी पूर्ण भरती असते आणि संध्याकाळी ओहोटी, हे कळायला आकृतीही लागली नाही. मी सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा समुद्राचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. खाडीचं पाणी हे होतं. कालवं दिवसातून दोनदा ह्याच पाण्याला चिकटून बसत होती. मावशी दुपारी निवांत असायच्या कारण दुपारी खडक बुडालेले असायचे.

त्यांनी मला बघून हात केला. पाटी घेऊन वर आल्या. "वही घ्यायला आलीस? ठेवलीय वर."

"मावशी," मी विचारलं, "मी नेहमी भरतीलाच येते, हे तुम्ही बोलला का नाहीत?"

"मना वाटलं, शिकलेली मानसं भरलेलंच पानी घेत असतील."

त्यांच्या आवाजात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं. पाटीतली कालवं कुणासाठी, हे मी विचारलं नाही. पिशवीत एक रिकामी बाटली होती. कॉलेजला जास्तीची लागते, अशी थाप मारली, चिखलात उतरले आणि त्या धारेचं पाणी भरलं. तीनदा विसळलं. झाकणाचा आटा बसेना. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मनाला समजावलं की निकाल येऊ दे, नसेलही काही.

निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी जेवायला बसले की मला ती सून दिसायची. आई विचारायची, पोटात दुखतं का? मोबाइलवर काय काय वाचलं, ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. पोटातल्या बाळाला काय काय होऊ शकतं, याची यादी वाचत बसायचे आणि मग फोन उलटा करून ठेवायचे. पप्पांना अर्धंमुर्धं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "कुठल्या कंपनीचं पाणी, ते लिहू नकोस." मी म्हटलं, मला माहीतच नाही. "मग बरं," ते म्हणाले आणि टीव्ही लावला. पप्पांना घाबरलेलं मी त्याआधी एकदाच बघितलं होतं, शेजारच्या प्लांटमधून धूर आला होता तेव्हा.

सर रागावले नाहीत. तेच जास्त वाईट. निकालाचा कागद त्यांनी दोनदा वाचला. ज्या ज्या गोष्टी दुपारच्या बाटल्यांत मर्यादेत होत्या, त्या संध्याकाळच्या एका बाटलीत मर्यादेच्या बाहेर होत्या. चष्मा काढून म्हणाले, "चूक माझीही आहे. मी मनोरचा, समुद्रापासून लांबचा, मीही वेळ विचारली, पाणी कुठे आहे ते विचारलं नाही." मग सुचवलं की प्रबंधाच्या शेवटी मर्यादा या मथळ्याखाली हे सगळं लिहून टाक. मी हो म्हटलं. प्रबंधाला मर्यादा असतात. मावशींच्या ओट्यावर असं कुठल्या मथळ्याखाली सांगायचं?

दुसऱ्या दिवशी गेले. रिक्षात बसल्यापासून वाक्य जुळवत होते. मावशी, एक गोंधळ झालाय. मावशी, पुन्हा तपासावं लागेल. सगळी वाक्यं अशी, की ज्यात माझी चूक कुठे दिसू नये. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं.

घरी पोचले तर जेवणाची वेळ. मावशींनी मला काही बोलूच दिलं नाही, हाताला धरून बसवलं. "दर खेपेला बाटल्या घेऊन पलतीस, आज जेवून जा." समोर ताट आलं. तांदळाची भाकरी आणि कालवांचं लालभडक सुकं. शेजारी सून बसली, आता सातवा लागला होता, बसताना भिंतीला हात लावावा लागत होता. तिचं ताट माझ्यापेक्षा भरलेलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "तुमच्यामुलं मना मिलालं बघा, नायतर आईंनी दिलं नसतं." आणि तिने घास मोडला.

जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी हात पुढे केला आणि तिचं ताट ओढून घेतलं.

पोटुशी बाईच्या पुढ्यातलं ताट. माझ्या आईने बघितलं असतं तर मुस्काटात मारली असती. सुनेचा घास हातातच राहिला. मावशी उभ्याच होत्या, वाटी घेऊन.

"खाऊ नका," मी म्हटलं. "मी चुकीचं पाणी नेलं. भरतीचं. ओहोटीचं पाणी वाईट आहे. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला."

सुनेने घास हळूच ताटात ठेवला, माझ्या हातात असलेल्या ताटात. हात धुवायला उठली नाही. दोन्ही हात पोटावर घेऊन बसून राहिली.

"आनी आतापरयंत खाल्लं, त्याचं?" मावशींनी विचारलं.

"माहीत नाही."

"कोनाला म्हायीत?"

"डॉक्टरला दाखवू. रक्त तपासू. मी येते बरोबर."

मावशींनी माझ्या हातातून ताट घेतलं, मग माझं उचललं, आणि दोन्ही घेऊन मागच्या दारी गेल्या. मला वाटलं, आता शिव्या घालतील. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात फक्त भाकऱ्या होत्या. सुनेला मीठ-मिरची दिली.

डॉक्टरकडे आम्ही गेलो, पालघरला. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, फार काळजीचं दिसत नाही, पण बाळ जन्मल्यावरच नीट सांगता येईल. पुढचे अडीच महिने मी त्या एका वाक्यावर काढले. प्रबंध ओहोटीच्या वेळा धरून पुन्हा केला, चिखलात गुडघाभर उतरून. सरांनी सही केली. मला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. आमच्या शाखेतल्या पोरांना नाहीतरी दोनच वाटा, कारखान्यात पर्यावरण अधिकारी व्हा, नाहीतर कारखान्यांचं पाणी तपासा. पप्पांनी पेढे वाटले. मी रोज फोनकडे बघत होते आणि वाजला की घाबरत होते.

एका सकाळी मावशींचा नंबर आला. मी बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते. चार वेळा वाजू दिला.

"पोरगी झाली," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हनतात बरी हाय. पन तू येऊन बघ."

"मी काय बघणार मावशी? मी डॉक्टर नाही."

"तू येऊन बघ," त्या परत म्हणाल्या.

गेले. ओट्यावर सून होती, तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. लालसर, केसाळ, मुठी वळलेली. ती झोपली होती. मी तिची नखं बघितली, पापण्या बघितल्या, श्वास मोजला. सगळं चांगलं दिसत होतं. दुपारच्या बाटलीतलं पाणीही असंच चांगलं दिसलं होतं.

मावशी समोर येऊन बसल्या, पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा बसल्या होत्या तशाच. "चांगली हाय ना?"

सून माझ्या तोंडाकडे बघत होती. हो म्हणायला मला एक श्वास पुरला असता, आणि त्या दोघी ते ऐकायलाच बसल्या होत्या. मी तोंड उघडलं. मग बाळाची मूठ माझ्या बोटाने सोडवून बघितली, आणि पुन्हा एकदा श्वास मोजायला लागले.