बघून सांगते

एकाहत्तर सालातला मे महिना, दुसरा मंगळवार. कोल्हारच्या दवाखान्यात मी धुऊन वाळवलेल्या रबरी हातमोज्यांना पावडर लावत बसले होते.

"बाळंतपणानंतर रक्त थांबेना, तर पहिल्यांदा काय कराल?" मी विचारलं.

समोर स्टुलावर बसलेली डॉक्टर मोजा उलटा करत म्हणाली, "बघून सांगते."

"मुलाखतीत बघायला पेशंट नसतो. तिथे नुसतं सांगायचं असतं."

"न बघता कसं सांगू, सिस्टर?"

ही तिची सवयच होती. पेशंट दारातून आत येताना आपला आजार स्वतःच सांगून टाकी, बरोबर आलेली माणसं औषधही सांगत, आणि ही शांतपणे म्हणे, "बघून सांगते." गावात तिचं नावच 'बघूनसांगते बाई' पडलं होतं. डॉक्टरकी पास झाल्यावरची सहा महिन्यांची खेड्यातली उमेदवारी करायला ती आमच्याकडे आली होती. वय चोवीस, अंगकाठी किरकोळ, घर तिसगावकडे शेतकऱ्याचं. चारचौघांत मी तिला 'डॉक्टर' म्हणे, आम्ही दोघीच असलो की 'तू'.

अशी सावकाश माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला वाटतं यांना काही येत नाही. मलाही पहिला महिनाभर तसंच वाटलं.

मग एक दिवस एक बाई आली, दिवस भरत आलेले. सासू म्हणाली, "दुसरी खेप हाय." मी केसपेपरवर 'दुसरी' लिहिलं. डॉक्टरने पडदा ओढून सासूला बाहेर काढलं आणि त्या बाईला विचारलं, "पदरात किती, अन् मातीआड किती?" बाई म्हणाली, "पदरात येक." मग तिने तीन बोटं वर केली. तिन्ही वेळा मूल अडून गेलं होतं. गेलेली पोरं आमच्याकडे कोणी मोजत नाही. डॉक्टरने 'दुसरी' खोडून 'पाचवी' लिहिलं आणि बाईला जीपमधून नगरला पाठवलं. तिथे पोट उघडून मूल काढलं, दोघंही वाचली. वीस वर्षं मी एकच प्रश्न विचारत आले होते. त्या दिवसापासून दोन विचारू लागले.

त्याच दिवशी मी ठरवलं, की हिला पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जागा मिळालीच पाहिजे. बाळंतपणाच्या विभागात राहून शिकायची निवासी डॉक्टरची जागा. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा हातात दहाच दिवस होते; तिची उमेदवारीही त्याच सुमारास संपत होती.

पत्रापाठोपाठ तिचे वडीलही आले. बाकावर बसून फेटा मांडीवर काढून ठेवला आणि मला म्हणाले, "शिस्टरबाई, पुन्याचं झालं तर झालं, माजी ना न्हाई. न्हाई तर जेष्ठात बार उडवून टाकू. पोरगं कचेरीत हाय, लई गुनाचं हाय. आन् ती येकटी न्हाई जायाची. तुमी संगं जा."

"जाते," मी म्हटलं.

तयारी जोरात चालली. आमचा कंपाउंडर परीक्षक व्हायचा. तो चष्मा नाकावर ओढून समोरच्या बाटलीवरचं नाव वाचे आणि दरडावे, "ह्याचा डोस?" ती हसायला लागली की म्हणे, "हसायचं न्हाई बाई, मी आत्ता पुन्याचा सायेब हाय!" मी नियम केला: एकदा 'बघून सांगते' म्हटलं, की हातमोज्यांच्या एका जोडीला पावडर तिने लावायची. दोन दिवसांत सगळे मोजे तिच्याच हातून गेले. आठव्या दिवशी मात्र ती धडाधड उत्तरं देऊ लागली. मोजे पुन्हा माझ्याकडे आले आणि मला बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी पुण्यात मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. ती पाऊण तासाने बाहेर आली, चेहरा उतरलेला.

"विषयाचं सगळं आलं," ती म्हणाली. "शेवटी एकाने मराठीत विचारलं, लग्न कधी? म्हणे, मुलींना जागा द्यावी तर वर्षात अक्षता पडतात आणि जागा रिकामी."

याची तयारी मी करून घेतलीच नव्हती. "मग तू काय म्हणालीस?"

"तोंडातून गेलंच. बघून सांगते."

मी कपाळाला हात लावला.

"मग मधले म्हातारे डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले, नीट बघ, घाई करू नकोस."

चार वाजता फळ्यावर यादी लागली. चार नावं होती, तिचं तिसरं. खाली लिहिलं होतं, उद्या सकाळी आठला हजर व्हावे, अन्यथा जागा पुढच्या उमेदवारास दिली जाईल.

मी पेढे घ्यायला निघाले तर तिने हाताला धरून बसवलं आणि पर्समधून एक कार्ड काढलं. वडलांचं होतं, दोन दिवसांपूर्वी आलेलं. 'शुक्रवारी दुपारी साखरपुडा धरला आहे. पाहुणे थांबायला तयार नाहीत. मुलाखत झाली की थेट घरी यावे.'

"हे पर्समध्ये ठेवून तू आत बसलीस?"

"तुम्हाला दाखवलं असतं तर तुमचं लक्ष उडालं असतं."

"आणि आता?"

"मी इथून हलत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आठला हजर होते. पण आबांना कोण सांगणार?"

मी तिला ओळखीच्या एका नर्सच्या खोलीवर पोचवलं. ती परत कोल्हारला आली नाही. तिची ट्रंक पुढे कंपाउंडरने एस्टीवर टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीने नगरला उतरले आणि कोल्हारची गाडी सोडून तिसगावची धरली. पाहुणे अजून यायचे होते. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, परातीत साखरेचे पुडे रचले होते. वडील माझ्या मागे पाहत म्हणाले, "पोरगी कुटं हाय?"

"वॉर्डात. तिला जागा मिळाली. आठला हजर झाली असेल."

"आन् पाव्हनं?"

"पाहुण्यांना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. पुण्याचं झालं तर झालं, हा तुमचा शब्द. झालंय."

ते उभ्या उभ्या फेट्याचा शेव चाचपत राहिले. ओसरीवरच्या बायका पुढे सरकून ऐकू लागल्या. मी परातीतला एक पुडा उचलला, दोरा तोडला आणि आधी त्यांच्या हातावर साखर ठेवली. मग ओसरीवर चढून एकेकीला वाटत गेले.