अप्पांच्या तोंडी आमची भाषा

मी तंजावूरला शाळेत फिजिक्स शिकवते. असल्या गोष्टी कुणी सांगू लागलं की हसून विषय बदलणाऱ्यांतली मी. देवनागरी उशिरा शिकले, तेव्हा चुका सांभाळून घ्या...

राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. अप्पा फार मारायचे. म्हणून लहानपणी मी आणि धाकट्या रामूने एक भाषा बनवली — अप्पांना कळू नये अशी. अक्षरं आमचीच, दारातल्या कोलम-रांगोळीसारखी टिंबं आणि वळणं. 'ळ' श्वास आत ओढून म्हणायचा. प्रश्न असेल तर पहिलं अक्षर दोनदा. आणि शब्दाच्या शेवटी एक मुकं अक्षर — लिहायचं, उच्चारायचं नाही. अक्का, म्हणजे मी, 'नोळू'. मोठे झालो तेव्हा या भाषेची वही आम्हीच फाडून कालव्यात सोडली.

पुढे अप्पांनी रामूला घराबाहेर काढलं. पापनाशमला भाड्याच्या खोलीत तो एकटाच वारला. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

मागच्या वर्षी अप्पांना स्ट्रोक आला, वाचा गेली. चार महिने एक शब्द नाही. एका दुपारी शाळेतून आले, तर त्यांना सांभाळणारी सेल्वी दारातच म्हणाली, "अक्का, अय्या बोलायला लागले! तुमची मराठीच ना ही?"

मराठी नव्हती. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "नोळू," म्हणाले. 'ळ' श्वास आत ओढून... थेट रामूसारखा.

"अप्पा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी कागदावर आमच्या अक्षरांत 'नोळू' लिहिलं. घाईत मुकं अक्षर राहिलं. अप्पांनी डाव्या हाताने पेन्सिल ओढून घेतली आणि ते काढलं — टिंब, त्याला आकडी. अगदी बरोबर.

नऊ दिवस ते एकच वाक्य बोलत राहिले. पहिलं अक्षर दोनदा... म्हणजे प्रश्न होता. मला विचारलेला. पण इतक्या वर्षांत मी अर्थ विसरून गेले होते. उच्चार आणि स्पेलिंग तेवढं राहिलं होतं.

"रामू, मला समजत नाही रे," मी रडत म्हटलंसुद्धा. पुन्हा तेच वाक्य. दहाव्या दिवशी सकाळी अप्पा गेले.

डॉक्टर म्हणाले, कधीतरी कानावर पडलेलं मेंदूत राहतं. राहत असेल. पण ते मुकं अक्षर? ते तर कुणी बोलतच नाही...

वाक्य लिहून ठेवलंय. बिनचूक वाचता येतं मला. अर्थ सांगणारं आता कुणी नाही. नऊ दिवस तो विचारत होता, आणि मी नुसती समोर बसून होते.