मोडीतून आलेला तांब्या

माझी बायको सुहासिनी गेली काही वर्षं सायप्रस बेटावरच्या लोकांची काळजी करते आहे. हे लोक मरून तीन हजारांहून जास्त वर्षं झाली. मी अजून जिवंत आहे, इथे परदेशात, क्लेटनमध्ये, तिच्याच घरात राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत मान मोडून काम करतो, पण माझ्या वाट्याला एवढी काळजी कधी आली नाही.

त्या बेटावर तांब्याच्या खाणी होत्या. तिथले लोक तांबं गाळायचे, त्याच्या लाद्या पाडायचे आणि जहाजांत भरून दूरदूरच्या राजांना विकायचे. त्यांच्या कुऱ्हाडींचा, सुऱ्यांचा चिमूटभर कीस सुहासिनीच्या लॅबमध्ये येतो. तांब्यात शिशाचा बारीक अंश असतो, तो खाणीगणिक वेगळा. मशीन त्याचे आकडे देतं आणि आकड्यांवरून खाण ओळखायची. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात अ‍ॅसिडचा वास, वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आणि दर डिसेंबरला "पुढचं काय ते कळवतो" हे ऐकणं. ती दमली होती. तिला दमलेली बघून मीही दमलो होतो.

या वर्षी मात्र चिन्हं बरी होती. तिचा प्रोफेसर ग्रॅहम याचं म्हणणं असं, की बेटावरच्या एका गावातलं सगळं तांबं एकाच खाणीतून येत होतं, म्हणजे अख्खा व्यापार एका मालकाच्या मुठीत होता. आकडेही तेच सांगत होते. हा पेपर छापून आला की मोठी ग्रँट मिळणार होती आणि त्या ग्रँटमधून सुहासिनीला पक्की नोकरी. आकडे तिचे, त्यामुळे पेपरवर तिचं नाव हवं होतं. तिने फक्त हो म्हणायचं होतं.

आणि ही बाई अडून बसली.

"अरे श्रीनाथ, तांबं कोणी टाकून देतं का?" ती म्हणाली. "जुनं फुटलं की गाळतात, नव्यात मिसळतात. चार खाणींचं एकत्र झालं की आकड्यांची सरासरी होते. ती सरासरी भलत्याच पाचव्या खाणीवर जाऊन बसू शकते."

"मग सांग ना ग्रॅहमला."

"सांगितलं. तो म्हणतो, फेअर इनफ, पण एव्हिडन्स कुठाय?"

"नाहीये ना? मग हो म्हणून टाक. ती मेलेली माणसं काही तक्रार करायला येणार नाहीत."

मला तिची नोकरी हवी होती. हप्त्यांसाठी हवी होतीच, पण त्याहून जास्त, दर डिसेंबरला तिचा उतरलेला चेहरा बघायचा मला कंटाळा आला होता.

गणपती झाले. विसर्जनानंतर ती पूजेची भांडी चिंच-मीठ लावून घासत होती. त्यात तिच्या आईचा तांब्या होता. श्यामलाकाकू, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांनी तो पुण्याच्या तांबट आळीतून मोड घालून घेतला होता. मोड म्हणजे घरातली फुटकी-तुटकी भांडी. ती दुकानात वजनावर घालायची आणि बदल्यात नवं भांडं आणायचं. काकूंनी तडा गेलेली घागर, बंबाचं झाकण आणि शेजारणीची एक चेपलेली परात घातली होती. भट्टीत अख्ख्या पेठेची मोड एकत्र वितळते. त्यातून निघालेल्या पत्र्याचा हा तांब्या, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेला: सौ. श्यामला. आमच्या घरी दर पूजेला कलश म्हणून तोच.

सुहासिनी घासता घासता थांबली. हात पुसून गॅरेजमध्ये गेली आणि पत्रा कापायची कात्री घेऊन आली.

"मम, नो! दॅट्स आजी'ज!" आमची लेक उर्वी ओरडली.

"अगं, खंडित होईल तो," मी म्हणालो. "पूजेला चालणार नाही मग."

"माहितेय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. पण तिने काठाची नखाएवढी कपची कापली आणि डबीत ठेवली.

पुढचं तिने मला घरी येऊन सांगितलं. त्या कपचीचे आकडे तिने इतर नमुन्यांबरोबर नुसता एक कोड देऊन आलेखावर मांडले. ग्रॅहमने तो ठिपका पाहिला आणि खूश झाला. "ब्यूटी! बरोबर आपल्या खाणीच्या मधोमध!"

"हे माझ्या आईचं भांडं आहे," ती म्हणाली. "पुण्याचं."

आधी तो हसला. मग अख्ख्या पेठेच्या मोडीची सरासरी नेमकी आपल्या खाणीवर येऊन बसली आहे, हे त्याच्या लक्षात आलं. माणूस खरंच भला. वाद घातला नाही, आठवड्याभरात त्याने तो पेपरच रद्द केला. पेपर नाही म्हणून ग्रँट नाही, आणि ग्रँट नाही म्हणून डिसेंबरनंतर तिची नोकरीही नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी चिडलो, तिला तसं बोललोही. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मला जरा पडू दे रे," आणि चपला न काढताच सोफ्यावर आडवी झाली.

तिने काही वावगं केलं नव्हतं. उलट आठ-दहा वर्षांत तिने केलेलं सगळ्यात चोख काम तेच होतं, हे मला त्या चपला काढताना कळलं. कळलं म्हणून राग गेला असं मात्र नाही.

लक्ष्मीपूजनाला मी इंडियन शॉपमधून नवाकोरा तांब्या आणला. इथे दिवाळी उन्हाळ्याच्या तोंडावर येते, संध्याकाळीही लख्ख ऊन असतं, त्यात तो नुसता झळाळत होता. सुहासिनीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती पणत्यांत तेल घालायला लागली. ज्या वर्षी नोकरी जाणार त्या वर्षीची लक्ष्मी, उत्साह कुठून आणणार?

मग मीच कपाटातून जुना तांब्या काढला. त्यात पाणी, सुपारी, नाणं घातलं आणि चौरंगावर ठेवला. परसातल्या लिंबाची पानं काठाला लावताना एक मोठं पान मुद्दाम कापलेल्या जागेवर आणलं.

"श्रीनाथ, खंडित आहे तो," ती म्हणाली.

"असू दे."

ती जवळ आली. वरचा नारळ तिने जरा सरळ केला. मग मी लावलेलं ते मोठं पान हळूच उचलून बाजूला ठेवलं.

"मग झाकू नकोस," ती म्हणाली.