पृथ्वीची कंबर चाळीस

टेलरमास्तरांचा जगात एकाच वस्तूवर विश्वास, गळ्यातल्या टेपवर. गिऱ्हाईक म्हणालं, "कंबर चौतीस," की हे म्हणणार, "असेल असेल, हात वर करा." आणि निघायची अडतीस! त्यामुळे परदेशातल्या मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, विमानाने साडेनऊच तास लागतात, या ना," तेव्हा या गृहस्थांनी दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशाला टेप लावली. खाली छापलेल्या प्रमाणाने अंतर निघालं बारा हजार किलोमीटर. विमान ताशी नऊशेने जातं म्हणे. म्हणजे झाले की तेरा तासांच्या वर!

"कार्टी थापा मारतेय," ते शेजारी बसून काज-बटणं करणाऱ्या बायकोला म्हणाले. "आपण यावं म्हणून चार तास कापले तिने."

पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मास्तरांना बजावलं होतं, प्रवास दहा तासांच्या आतलाच. झालं, जाणं रद्द. तिकडे नात तीन वर्षांची झाली, आणि आजोबांनी तिला पाहिलं ते फक्त फोनवर. त्यांना ते फार लागायचं.

एके दिवशी शाळेतल्या भूगोलाच्या बाई पृथ्वीचा गोल घेऊन आल्या. धूळ बसते, खोळ शिवून द्या म्हणाल्या. मास्तरांनी सवयीने आधी कंबर घेतली.

"चाळीस इंच! बाई, तुमच्या पृथ्वीने जरा कमी खायला हवं."

बाई खो खो हसल्या. "खऱ्या पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर आहे. इंचाला हजार धरा."

इंचाला हजार म्हटल्यावर मास्तरांचे हात कुठले थांबायला! टेपचं एक टोक आपल्या शहरावर दाबलं, दुसरं मुलीच्या शहराकडे ताणलं. टेप काही आडवी राहीना, वरच्या अंगाला सरकून उत्तरेच्या बर्फाजवळून गेली. माप आलं साडेआठ इंचांच्या किंचित वर. पुन्हा घेतलं. तेवढंच!

मास्तरांनी वळून भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. अहो, खांद्याचं माप कधी सपाट कागदावर घेतात का? प्रत्येक शिकाऊला हेच ओरडून सांगितलं, आणि स्वतः मात्र गोल पृथ्वी भिंतीवर पसरून मोजत बसले!

"साडेआठ हजार," बाई म्हणाल्या, "म्हणजे नऊ-साडेनऊ तास."

"हो ना. पोरगी तीन वर्षं हेच सांगतेय."

त्यांनी तिथूनच फोन लावला. "अगं, तुझंच बरोबर होतं. साडेनऊच तास आहेत. मी उगीच तुला खोटं पाडलं."

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मला वाटायचं, तुम्हाला यायचंच नाहीये."

बायकोने फोन ओढून घेतला.

"यायचं नव्हतं म्हणे! तीन वर्षं रोज सकाळी दुकान उघडलं की आधी नकाशाला टेप लावतात हे. आज तरी थोडं कमी भरेल म्हणून. तू तिकिटं काढ, मी बॅग भरायला घेते."