गोणपाटाची पट्टी

कॉटन ग्रीनच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मला सेफ्टी सुपरवायझरची नोकरी लागली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडिलांनी तालुक्याच्या बाजारातून चामड्याचे बूट घेऊन दिले होते, ते मी रोज पॉलिश करायचो. नोकरी मात्र सहा महिने कच्ची होती.

मासळीच्या खोलीत फरशीवर कायम बर्फाचा पातळ थर असे. हमाल गमबुटांवर गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळून आत जात. मला ते गबाळं वाटलं. तिसऱ्याच दिवशी मी फळ्यावर नियम लिहिला : पायांना चिंध्या बांधू नयेत.

हमालांचे मुकादम लालबागचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. फळा वाचून त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"साहेब, पट्ट्या सोडतो. पण तुम्ही त्या लग्नातल्या बुटांनी आत जाऊ नका."

"मी सांभाळून चालतो," म्हणत मी पुढे झालो. चौथ्या पावलाला माझे दोन्ही पाय छताकडे होते. उजवं मनगट मोडलं.

अपघाताचा अहवाल सुपरवायझरनेच द्यायचा असतो. हात प्लास्टरमध्ये, म्हणून दुसऱ्या दिवशी मी सांगू लागलो आणि मुकादम लिहू लागले.

"कारण लिहा, फरशीवर बर्फ होता."

पेन थांबलं. "बर्फ काय काल आला? इतकी वर्षं आम्ही का नाय पडलो?"

"खरं लिहिलं तर माझी नोकरी जाईल हो."

"आणि नाय लिहिलं तर उद्या आमच्यातला कोण पडेल? तुमचा नियम अजून फळ्यावर हाय."

घरी मी हाताचं कळवलंसुद्धा नव्हतं. मी वळून फळ्याकडे पाहिलं. मग म्हणालो, "लिहा. सुपरवायझर स्वतः पट्टीशिवाय आत गेला, वर सगळ्यांना पट्ट्या सोडायला लावल्या. चूक त्याची."

त्यांनी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं. खाली सही करता येईना. पंधरा वर्षं शिकून नोकरीतल्या पहिल्या कागदावर मी डाव्या हाताचा अंगठा उठवला. मुकादम हसून हसून खोकायला लागले.

मॅनेजरांनी कागद दोनदा वाचला. "अक्षर कुणाचं? छान आहे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हात बरा होईपर्यंत ऑफिसातलं काम करा. पण आधी तो फळा पुसा."

फळा मी डाव्या हाताने पुसला. प्लास्टर निघाल्यावर मला गमबूट मिळाले. मी दाराशी उभा होतो. मुकादम गोणपाटाची पट्टी घेऊन खाली बसले.

"पाय पुढे कर रे," ते म्हणाले. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नाही.