उत्तराकाकूंची तिसरी नोटीस

अमेरिकेतल्या कॅरी गावात राहणाऱ्या उत्तराकाकू सबनीस यांच्या गाडीची डिकी ज्याने एकदा उघडून पाहिली, त्याला त्यांच्याबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. दोन ब्लँकेटं, चार छत्र्या, बॅटरीवर चालणारा रेडिओ, मीठ-साखरेच्या पुड्या, भाजलेल्या पोह्यांचा घट्ट झाकणाचा डबा आणि नवऱ्याच्या, म्हणजे गिरीशकाकांच्या, जुन्या बुटांचा एक जोड. बूट कशाला, असं कोणी विचारलंच तर काकू म्हणत, "चालत यावं लागलं तर?" कुठून, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कॅरीत माणूस दुधाचा कॅन आणायलासुद्धा गाडी काढतो.

अशा बाईंनी पैसे साठवावेत ते कुठे, तर नोटीस खात्यात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घराजवळच्या एका छोट्या क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे सहकारी बँकेत, त्यांनी हे खातं उघडलं. तिथल्या काउंटरवर मिस डॉना बसायची. साठीची, चष्म्याला मण्यांची माळ, आणि कानांत ऋतूप्रमाणे बदलणारी कानातली: उन्हाळ्यात कलिंगडं, ऑक्टोबरात भोपळे. तिने सगळं नीट समजावून सांगितलं होतं. साध्या बचत खात्यावर व्याज नावापुरतं, या खात्यावर चार टक्के. अट एकच, पैसे काढायचे असतील तर साठ दिवस आधी नोटीस द्यायची.

"आणि त्या साठ दिवसांत भूकंप झाला तर?" काकूंनी विचारलं.

"नॉर्थ कॅरोलायनात?"

"समजा झाला."

"मग त्याच दिवशी पैसे मिळतील, हनी. फक्त जेवढे काढाल तेवढ्या रकमेवरचं साठ दिवसांचं व्याज कापून घेऊ. पेनल्टी म्हणून."

'पेनल्टी' म्हटल्यावर काकूंचे कान मिटले. आयुष्यात त्यांनी लायब्ररीलासुद्धा कधी दंड भरलेला नव्हता. पुस्तक वाचून व्हायच्या आधीच त्या ते परत करून येत. शेवटी काय झालं ते गिरीशकाकांना विचारायच्या, आणि गिरीशकाकांनी ते पुस्तक मुळात वाचलेलंच नसायचं.

खात्यात हळूहळू एकोणीस हजार चारशे डॉलर जमले. कशासाठी? "असू दे," काकू म्हणायच्या.

मग जून महिन्यात एका रविवारी अनया जेवायला आली. अनया म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, वय एकोणतीस, ऑफिस जवळच रिसर्च पार्कमध्ये. वरण वाढून घेताना ती म्हणाली, "आई, मी ट्रक घेतेय."

"घर बदलतेयस? कोणाबरोबर?"

"फूड ट्रक, आई. थालीपीठ आणि मिसळ. वीकेंड्सना. एक आजोबा बार्बेक्यूचा ट्रक विकतायत. सीझन संपला की रिटायर होणारेत. आठ नोव्हेंबरपर्यंत फुल पेमेंट केलं तर माझा, नाहीतर ते टाकोवाल्याला देणार. लोन मिळालंय. बारा हजार कमी पडतायत."

काकूंनी एका दमात तेवीस प्रश्न विचारले. गॅस लीक झाला तर? उकळतं तेल सांडलं तर? ब्रेक किती जुने आहेत? रात्री ट्रक कुठे ठेवणार? ट्रकखाली साप शिरला तर? अनया शांतपणे जेवत राहिली. तिला सवय होती. चोविसाव्या वेळी काकूंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "बारा हजार मी देते."

गिरीशकाकांच्या हातातला पापड मोडला. सर्वांत जास्त आश्चर्य काकूंनाच वाटलं होतं.

तीस जूनला त्यांनी बारा हजारांची पहिली नोटीस दिली. डॉनाने पावती छापली, तिच्यावर पैसे मिळायची तारीख होती. काकूंनी ती पावती गाडीत अकरा वेळा वाचली. सगळं सुरळीत चाललं असतं, पण तीन आठवड्यांनी क्रिकेट बघता बघता गिरीशकाका सहज म्हणाले, "नोटीस दिली की त्या पैशांवरचं व्याज थांबत असेल ना गं?"

गिरीशकाका औषधांच्या कंपनीतून निवृत्त झालेले संख्याशास्त्रज्ञ. दिवसाला साधारण सहा वाक्यं बोलत, आणि त्यांतलं एक तरी बायकोची झोप उडवणारं असे.

दुसऱ्या दिवशी एकवीस जुलै. बँकेचं दार उघडताच काकू आत. "नोटीस रद्द करा."

डॉनाने केली. मग काकूंनी विचारलं, "नोटिशीच्या काळात व्याज थांबतं ना?"

"छे! पैसे खात्यात आहेत तोवर रोजचं व्याज चालूच असतं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आधी रद्द करायला सांगितलंत आणि नंतर विचारलंत, हनी. आता परत नोटीस द्याल ना, तेव्हा एक लक्षात ठेवा..."

पण काय लक्षात ठेवायचं ते ऐकायला काकू थांबल्याच नाहीत. इतकी लाज वाटली होती की त्या दारापर्यंत पोचल्यासुद्धा होत्या.

अठ्ठावीस जुलैला दुसरी नोटीस. हीही बरी चालली होती. पंचविसाव्या दिवशी टीव्हीवर वादळाचा नकाशा आला, समुद्रावर फिरणारा एक पांढरा भोवरा. काकूंच्या डोक्यात नोटीस दिलेल्या पैशांचं एक चित्र पक्कं होतं. बाकीचे पैसे आत तिजोरीत आरामात बसलेत, आणि हे बारा हजार बूट-मोजे चढवून दाराशी रांगेत उभे आहेत. वादळ आलं तर आधी भिजणार कोण? दाराशी उभे असलेले. त्या थेट बँकेत गेल्या आणि पैशांना परत आत बसवून आल्या. वादळ दोन दिवसांनी समुद्रातच विरलं. कॅरीत साधी फांदीही पडली नाही.

ही दोन्ही रद्दीकरणं त्यांनी घरात सांगितली नव्हती. पण रद्द केल्याच्या पावत्या पाहून गिरीशकाकांनी त्या दिवसाच्या सहा वाक्यांपैकी एक फोनवर अनयासाठी खर्च केलं.

अनया संध्याकाळी आली ती चपला न काढताच उभी राहिली. "आई, तुला द्यायचे नसतील तर सरळ सांग ना."

"द्यायचे आहेत गं."

"दोनदा कॅन्सल केलंस! तुला वाटतंय की मला जमणार नाही. इट्स ओके. पण मला मग लोन तरी वाढवून घेता येईल."

"तसं नाही, ते वादळ..."

"कुठलं वादळ?" अनया म्हणाली, आणि जेवायला थांबली नाही. तिच्यासाठी केलेली भरली वांगी काकूंनी दोन दिवस खाल्ली. त्यांना वांगी मुळीच आवडत नाहीत.

आता चूक होता कामा नये. आठ सप्टेंबरला काकू तिसऱ्या नोटिशीसाठी बँकेच्या पार्किंग लॉटमध्ये पोचल्या, इंजिन बंद केलं आणि चष्मा शोधता शोधता फोनवरचं पंचांग बघितलं. पितृपक्ष सुरू. लेकीच्या धंद्याची पहिली नोटीस, म्हणजे मोजायला तिसरी असली तरी खरी पहिली, पितृपक्षात द्यायची? त्यांनी पुन्हा गाडी सुरू केली. दोन आठवडे थांबून, बावीस सप्टेंबरला, घटस्थापनेला, नवी साडी नेसून त्या बँकेत गेल्या, डॉनाला पेढा दिला आणि नोटीस दिली. पावती न वाचता पदराखालून तशीच घरी आणली. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये बागेच्या दुकानातली माती घालून घट बसवला होता, त्याच्याखाली ठेवली आणि हात जोडले.

आणि मग एक अद्भुत गोष्ट घडली. उत्तराकाकूंची काळजी थांबली.

कारण त्यांनी हिशेब केला होता. पहिल्या नोटिशीचे एकवीस दिवस भरले होते, दुसरीचे पंचवीस. झाले शेहेचाळीस. साठातून शेहेचाळीस गेले, राहिले चौदा. म्हणजे सहा ऑक्टोबरलाच पैसे मोकळे. ऑफिसात साठलेली रजा नाही का पुढे धरत? तसंच. हे इतकं उघड होतं की कोणाला विचारायची गरजच नव्हती. शिवाय आणखी महिनाभर खात्यात ठेवले तर व्याज वाढेल.

ऑक्टोबरभर काकू शांत झोपल्या. डिकीतले पोहे एक्स्पायर झाले तरी बदलले नाहीत. दिवाळीत चकल्या फसल्या तर "असू दे, मऊ चकल्या दातांना बऱ्या" म्हणाल्या. गिरीशकाकांनी घाबरून त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं. नॉर्मल निघालं, तेव्हा ते आणखी घाबरले.

सहा नोव्हेंबरला, गुरुवारी, काकू बँकेत गेल्या. डॉनाच्या कानांत आता थँक्सगिव्हिंगच्या सणाचे टर्की पक्षी लटकत होते.

"बारा हजारांचा चेक," काकूंनी ऐटीत सांगितलं.

डॉनाने कॉम्प्युटर बघितला. "एकवीस नोव्हेंबरला मिळेल, हनी."

"नाही नाही. माझे शेहेचाळीस दिवस आधीचे जमा आहेत."

"रद्द केलेल्या नोटिशीचे दिवस जमा होत नाहीत. नवी नोटीस दिली की मोजणी पुन्हा एकपासून. पावतीवर तारीख आहे बघा."

काकूंनी पर्समधून पावती काढली. दसऱ्याला घट उठवल्यापासून ती तशीच होती. अर्धी मातीने माखलेली, आणि जिथे तारीख असायची तिथे गव्हाच्या मुळांची जाळी. डॉनाने चष्मा नाकावर चढवला.

"यावर काहीतरी उगवलंय," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे परवा पैसे मिळणारच नाहीत?"

"मिळतील की. नोटीस न पाळता आजच काढा. फक्त पेनल्टी..."

बाकीचं काकूंनी ऐकलं नाही. त्या गाडीत जाऊन बसल्या, दारं आतून लॉक केली आणि लेकीला फोन लावला. "अनया, ट्रक गेला गं. माझ्यामुळे गेला."

अनयाचं ऑफिस दहा मिनिटांवर. आठव्या मिनिटाला तिने काच ठोठावली. काकूंनी काच दोन बोटं खाली केली आणि सगळं सांगितलं. व्याज, वादळ, पितृपक्ष, जमा दिवस, घट, मुळं.

"थांब," अनया म्हणाली. "म्हणजे तू बॅक आउट होत नव्हतीस?"

"मी? मी तर देवाखाली पावती ठेवली होती!"

"मला वाटलं, तुझा ट्रकवर विश्वास नाही."

"ट्रकवर नाहीच आहे. ब्रेक जुने आहेत त्याचे. विश्वास तुझ्यावर आहे." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "पण आता त्या टाकोवाल्याला..."

"आई, पेनल्टी किती आहे?"

काकू पर्सची चेन उघडझाप करू लागल्या.

"तू विचारलंच नाहीस?"

"असेल दोन-तीन हजार. दंड आहे तो. उगाच का म्हणतात दंड!"

अनयाने हात धरून त्यांना आत नेलं. डॉनाने कागदाचा रोल असलेलं कॅल्क्युलेटर पुढे ओढलं. बारा हजार, त्यावर चार टक्के, त्यातले साठ दिवस. कट्‍ कट्‍ कट्‍. तिने चिठ्ठी फाडून पुढे सरकवली. अठ्ठ्याहत्तर डॉलर नव्वद सेंट.

"रोजचे?" काकूंनी विचारलं.

"सगळे मिळून."

"एवढ्यासाठी मी जूनपासून..." काकूंनी वाक्य सोडून दिलं. चिठ्ठी उलटी करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं. मग त्या सावरल्या आणि काउंटरवर कोपर टेकवून म्हणाल्या, "पंच्याहत्तर करा."

"आई!"

"राउंड फिगर सांगतेय मी."

"कॉम्प्युटर ऐकत नाही, हनी," डॉना म्हणाली. "नाहीतर त्या पेढ्यासाठी मी सत्तर केले असते."

काकूंनी फॉर्मवर सही केली. आयुष्यातला पहिला दंड. सही झाली, पण आकाश कोसळलं नाही. चेक अनयाच्या हातात देताना त्यांनी तो एकदाच वाचला.

शनिवारी आजोबांनी किल्ली दिली. ट्रक आतून जुन्या धुराच्या वासाचा आणि बाहेरून लालभडक होता. गिरीशकाकांनी भोवती एक फेरी मारली आणि "बरा आहे" हे त्या दिवसाचं पहिलं वाक्य उच्चारलं. तेवढ्यात काकूंनी स्वतःच्या गाडीची डिकी उघडली होती. दोन्ही ब्लँकेटं, चारही छत्र्या, रेडिओ आणि मीठ-साखरेच्या पुड्या एकेक करून ट्रकमध्ये गेल्या.

"आई, बूट नकोत! हे किचन आहे!"

"बंद पडला तर चालत काय चपला घालून येशील?"

बूट ड्रायव्हरच्या सीटखाली गेले.

सोमवारी दार उघडताच काकू पुन्हा डॉनासमोर उभ्या. गेल्या आठवड्यात पैसे काढले तेव्हाच ती नोटीस निकालात निघाली होती, खात्यात सात हजारांच्या वर उरले होते.

"नवी नोटीस द्यायचीय," काकू म्हणाल्या. "दोन हजारांची. साठ दिवस."

"आता कशासाठी?"

"टायरसाठी. मी खाली वाकून बघितलेत."

डॉनाने पावती छापली, पण लगेच दिली नाही. तारखेवर बोट ठेवून म्हणाली, "हा दिवस. नऊ जानेवारी. मोजणी आजपासून, एकपासून. मोठ्याने वाचा."

काकूंनी मोठ्याने वाचलं. पावती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन लावली, पुन्हा उघडून बघितली.

"आणि टायर चांगले निघाले तर?" डॉनाने विचारलं.

"मग रद्द करीन की," काकू म्हणाल्या. "ते मला येतं."