गेटसमोर आडवा पडलेला दादा

दादाचं ते आंदोलन नेमकं कशासाठी होतं? पनवेलच्या कॉलेजमधल्या किती पोरांना मी हे विचारलं असेल. एक म्हणतो फीसाठी, एक म्हणतो एसटीच्या पाससाठी. एक मुलगी तर ठामपणे म्हणाली, "व्यवस्थेविरुद्ध." मी विचारलं, कुठल्या? ती म्हणाली, "तेवढं सीनियर्सनी सांगितलं नाही."

माझा मोठा भाऊ सुनीलदादा पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या आंदोलनाचा पुढारी. चार महिन्यांपूर्वी पळस्पे फाट्यावर अपघातात गेला. मी सातवी नापास, त्याच कॉलेजच्या गेटसमोर रिक्षा लावतो. दादा होता तेव्हा त्याचे दोन-तीनच किस्से होते. तो गेल्यापासून रोज एक नवा किस्सा मागच्या सीटवर येऊन बसतो. प्रत्येकात तो वेगळाच कोणीतरी असतो, आणि मला भीती वाटते, माझा दादा त्यात हरवेल.

*

पोरं सांगतात, दादा नऊ दिवस उपोषणाला बसला होता. मी घरी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"नऊ दिस? भाताला जरा उशीर झाला तर टोप वाजवायचा त्यो."

पोरांचा लीडर तेजस, त्याला मी हे सांगितलं. तो गंभीर झाला. हे बाहेर नको, म्हणाला. पुढच्या आठवड्यात उपोषण अकरा दिवसांचं झालं!

*

पोरं अजून जुन्या प्रिन्सिपॉलच्या नावाने मुर्दाबाद करतात. त्यांचंच नाव का, तर ते चालीत बसतं. सर केव्हाच रिटायर झाले. बाजारातून भाजी घेऊन माझ्याच रिक्षाने घरी जातात. परवा गेटवरून जाताना त्यांनी स्वतःचं मुर्दाबाद ऐकलं. रिक्षा थांबवायला लावली आणि कान देऊन बसले.

"दम नाही," म्हणाले. "तुझा भाऊ ओरडायचा तेव्हा माझ्या टेबलावरचा पेला हलायचा."



*

कॉलेजात प्रदर्शन भरलं. आंदोलनातली एखादी वस्तू द्या, म्हणाले. घरात तसलं काही नव्हतं. अपघातानंतर पोलिसांनी परत दिलेली दादाची एक चप्पल होती, ती दिली. कुठली ते सांगितलंही. बघायला गेलो तर खाली चिठ्ठी, 'लाठीमारात तुटलेली चप्पल'. लाठीमार झालाच नव्हता. मी चिठ्ठी फाडली आणि तेजसच्या कानाखाली लावली.

संध्याकाळी तोच स्टँडवर आला. स्टेशनला सोडाल का, म्हणाला. सोडलं. उतरताना हळूच म्हणाला, "आम्ही त्यांना कधी बघितलंच नाही ना."

*

मग गॅदरिंगला पथनाट्य. दादा गेटसमोर आडवा पडतो आणि पोलीस त्याला उचलून नेतात, हा त्यांचा दरवर्षीचा शेवट. या वेळी तेजस दादा झाला. पोलीस मला केलं, कारण खाकी शर्ट माझ्याकडे होता आणि व्हॅन म्हणून रिक्षाही माझीच.

तेजस आडवा पडला. पोरं दादाच्या नावाने ओरडायला लागली. मी पाय धरून ओढायचं, रिक्षात टाकायचं, दहा पावलं न्यायचं आणि थांबायचं, असं ठरलं होतं.

पाय धरवेनात. मी त्याच्या मानेखाली हात घातला, अलगद उचलला, मागच्या सीटवर नीट बसवला. रिक्षा सुरू केली. दहा पावलं झाली. तेजस मागून म्हणाला, "बस, इथेच थांबा."

थांबलो नाही. हायवेला लागलो, तो थेट बेलपाड्याला आमच्या दारात. त्याला हाताला धरून उतरवलं आणि आत हाक मारली,

"आई, आनला बघ घरी."